दीड टक्का जास्त

आमच्या मजल्यावरच्या आत्याचे पैशांचे सगळे कागद एका एक्स-रेच्या पाकिटात असायचे. एक्स-रे तिच्या आईच्या छातीचा. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ते मोठं खाकी पाकीट स्वयंपाकघरातल्या खिळ्याला तसंच टांगलेलं होतं. त्यात पुढे खरोखरच एक्स-रेची काळी फिल्म होती आणि तिच्या मागे पासबुकं, ठेवींच्या पावत्या, विम्याचा एक जुना कागद. "चोर काय काय नेईल सांगता येत नाही," आत्या म्हणायची, "पण दुसऱ्याच्या आईची छाती कोण नेणार?"

लालबागला आमच्या चाळीत एका मजल्यावर बावीस खोल्या. आमची सातवी, तिची अकरावी. तिची म्हणजे तिच्या मोठ्या भावाची. भाडेपावती आधी वडिलांच्या नावावर होती, वडील गेल्यावर दादाच्या नावावर झाली. त्या खोलीत दादा, शैलावहिनी, त्यांचा मुलगा निलेश आणि आत्या. खरं तर ती एकट्या निलेशची आत्या, पण तो लहान असताना गॅलरीभर "आत्या, आत्या" करत फिरायचा, म्हणून मग सगळा मजलाच तिला आत्या म्हणायला लागला. तिचं नाव कुमुद आहे हे मला तिचा पहिला फॉर्म भरताना कळलं. तेव्हा मी नववीत होते.

फॉर्म भरायला ती मलाच बोलवायची, कारण माझं अक्षर. "कॉन्व्हेंट, ये गो इकडे," अशी हाक यायची. मी मुकाट जायची. मी कुठेही मुकाटच जायची. आत्याला ते आवडायचं. "ही बोलत नाही ते बरं आहे, माझे आकडे बाहेर जात नाहीत." मात्र मला मराठी आकडे धड येत नसत, आणि ती मुद्दाम मराठीतच सांगायची. "लिही, एकोणऐंशी." मी पेन धरून बसायची. "सेवंटी नाइन गो बाय! फी भरून भरून तुझ्या बापाचे खिसे फाटले, आणि तुला एकोणऐंशी येत नाही." मग स्वतःच हसायची. हसताना हात तोंडावर. हाताला पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास.

कारण ती शिवडीला औषधांच्या एका गोदामात पॅकिंगला होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी लागली ती तिथेच राहिली. तीस वर्षांत तिने कागद, पुठ्ठा, चिकटपट्टी इतकी हाताळली होती, की वस्तूची पारख ती डोळ्यांआधी बोटांनी करायची. आमच्या मजल्याला याचा एकदा फार उपयोग झाला.

नाक्यावर एक पतपेढी होती. तिचा माणूस रोज संध्याकाळी दारोदार येऊन बायकांकडून वीस-पन्नास रुपये न्यायचा. बावीस खोल्यांपैकी निदान पंधरांचे पैसे तिथे होते. डिसेंबरात पतपेढीचं कॅलेंडर घरोघर यायचं. एका वर्षी ते आलं, आत्याने ते भिंतीला लावण्याआधी अंगठा आणि बोटामध्ये धरून पाहिलं आणि खालीच ठेवलं. दर वर्षी बारा पानं असत, यंदा सहा होती. एका पानावर दोन-दोन महिने. "आणि कागद बघ," ती माझ्या आईला म्हणाली. "असल्या कागदात आम्ही खोकल्याच्या गोळ्यासुद्धा गुंडाळत नाही. ह्यांच्याकडचे पैसे संपत आलेत."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती पतपेढीत गेली. पैसे लगेच मागितले नाहीत. बाकावर तासभर बसून राहिली. पाण्याचा कूलर रिकामा होता. कारकून घरून बाटली घेऊन आला होता. चहावाला आला, आत डोकावला आणि कुणी न बोलावताच परत गेला, कारण आधीचं बिल राहिलं होतं. मग ती उठली आणि ठेव मोडली. व्याज कापलं गेलं ते जाऊ दिलं. संध्याकाळी ती एकेका दारात जाऊन सांगत होती. माझ्या आईने पैसे काढले. बऱ्याच जणींनी काढले. चौदा नंबरच्या मयेकरकाकूंनी काढले नाहीत.

"कॅलेंडर बघून पैसे कोण काढतं गो?" मयेकरकाकू सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा बोलल्या. "उद्या म्हणशील, त्याच्यावरचा गणपती रुसलेला दिसतो."

होळीच्या आसपास पतपेढीच्या शटरवर नोटीस लागली. मयेकरकाकू दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याच त्यांच्या दारात गेली. मला वाटलं, आता ऐकवणार. तिने फक्त एवढंच विचारलं, "पावती आहे ना जपून? चल, अर्ज करायला रांग लागलीये." अर्ज मी लिहिला. काकूंचे पैसे किती वर्षांनी, किती सुटले, मला माहीत नाही. आत्याने तो विषय पुन्हा काढला नाही. मयेकरकाकूंनी मात्र तो आपल्यावरचा उपकार म्हणून लक्षात ठेवला नाही. फजिती म्हणून लक्षात ठेवला. हे मला फार नंतर कळलं.

तिचं एक वाक्य होतं, ते मजल्यावरच्या प्रत्येक बाईने ऐकलेलं आहे. "पैसा डोळ्यांना दिसला नाही तरी चालेल, त्याच्यावर आपलं नाव दिसलं पाहिजे." या वाक्यासाठी ती भांडायची. खालच्या मजल्यावरची कदमवहिनी परळच्या ऑफिसांत जेवणाचे डबे द्यायची. त्यातून साठलेल्या पैशांची ठेव करायला नवराबायको बँकेत गेले, आणि नवऱ्याने फॉर्मवर स्वतःचं एकट्याचं नाव घालायला घेतलं. आत्या तिथे होती, कारण कदमवहिनीने तिला "जरा ये ना" म्हणून नेलं होतं. मी होते अक्षरासाठी.

"कदम, डबे कोण करतं?" आत्याने विचारलं.

"आत्या, तू मध्ये बोलू नको. घरातलाच प्रश्न आहे."

"नाही बोलत. पेन तेवढं तिच्या हातात दे. मग मी गप."

काउंटरवरचा माणूस हसला. रांगेतला एक म्हातारा हसला. कदमांचे कान लाल झाले, पण पेन बायकोच्या हातात गेलं. आत्या खरंच गप झाली आणि भिंतीवरचा व्याजदरांचा तक्ता वाचत उभी राहिली. व्याजदर ती क्रिकेटचा स्कोअर पाहावा तशी पाहायची. कुठल्या बँकेने पाव टक्का कमी केला, पोस्टाने काय केलं, सगळं तोंडपाठ. पाव टक्क्यासाठी ती बस न पकडता लालबागहून दादरपर्यंत चालत जायची.

पुढे मी नोकरीला लागले. लोअर परळच्या एका कंपनीत लोकांचे गुंतवणुकीचे अर्ज तपासायचं काम. सही जुळते का, नाव पूर्ण आहे का, नॉमिनीचा रकाना भरलाय का ते पाहायचं. रकाना रिकामा असेल तर अर्ज परत. मी पहिल्या पगारातून फोनवर एक छोटी गुंतवणूक सुरू केली आणि आत्याला दाखवली. नेमका त्या दिवशी बाजार पडला होता.

"हे लाल काय आहे?"

"खाली गेलंय."

"वर कधी येणार?"

"ते कुणालाच माहीत नसतं, आत्या."

"मग तुम्हाला पगार कशाचा देतात गो?"

 ती फोन हातात उलटापालटा करून पाहत राहिली, जणू मागच्या बाजूला जाडी कळेल. मग म्हणाली, "तुझं वय आहे. तू पडलीस तर उठशील. माझा फक्त एक डाव आहे."

तो डाव कशासाठी होता हे मला ठाऊक होतं. बहुधा मला एकटीलाच. आत्याला एक दार हवं होतं.

अकरा नंबरच्या खोलीत आत्या स्वयंपाकघरात झोपायची, ओट्याच्या खाली पाय करून. दादा-वहिनी आणि निलेश बाहेरच्या खोलीत. निलेशचं लग्न झालं तेव्हा तो आणि त्याची बायको काही वर्षं माळ्यावर झोपायचे, मग डोंबिवलीला भाड्याने गेले. पण आत्याचा ओटा सुटला नाही. साडी नेसायची तर वहिनी बाहेर जाईपर्यंत थांबायचं. आजारी पडायचं तर सगळ्यांच्या जाण्यायेण्यातच. तिने तक्रार कधीच केली नाही, पण मी तिला एकदा विचारलं होतं, एवढं साठवून करणार काय? तेव्हा ती म्हणाली होती, "एक खोली. कुठे पण. जिची कडी मी आतून लावीन आणि कुणी विचारणार नाही, आत काय करतेस."

एका रविवारी ती मला वांगणीला घेऊन गेली. स्टेशनापासून लांब, एका तयार इमारतीत एक खोली-स्वयंपाकघर विकायचं होतं. दाखवणारा मुलगा टाइल्स दाखवत होता, खिडकी दाखवत होता, आत्या ऐकत नव्हती. तिने दाराची कडी वरखाली करून पाहिली. मग मला म्हणाली, "तू जरा बाहेर थांब," आणि त्यालाही बाहेर काढून दार आतून लावून घेतलं.

आम्ही दोघं जिन्यात. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"मॅडम आत काय करतायत?" त्याने विचारलं.

"बघतायत," मी म्हणाले.

आत्या बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा. पदर सारखा करत म्हणाली, "कुणाचाच आवाज येत नाही गो." परत येताना तिने किंमत, व्याज आणि वर्षं यांचा हिशेब बोटांवर मांडला. थोडे कमी पडत होते. अर्धवट बांधलेल्या इमारतीत पैसे अडकवायचे नाहीत, कर्ज कुणी देणार नाही. पाच-सहा वर्षं व्याज नीट आलं, तर साठीच्या आत ती खोली घेता येणार होती. वांगणीलाच असं नाही. तशीच एखादी.

आणि तेव्हाच सगळं बिनसलं. साथीचं वर्ष. शिवडीचं गोदाम आधी बंद होतं, मग उघडलं, मग मालकाने ते भिवंडीच्या पुढे नेलं. बायकांना सांगितलं, येत असाल तर या. आत्या त्रेपन्न वर्षांची होती. रोज चार तास प्रवास करण्याइतका पगारच नव्हता. तिने हिशेब मागितला. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि पाकिटातल्या जुन्या ठेवी मिळून साडेतेरा लाख झाले. तिच्या आयुष्याचा सगळा आकडा एवढाच. तो तिने मला माझ्या कानात सांगितला, मास्क खाली करून.

त्याच वर्षी बँकांचे दर इतके खाली आले, की तिला तक्ता वाचवेना. बँकेबाहेर उभी राहून ती म्हणाली, "ह्या दराने माझी खोली मी मेल्यावर येईल." पोस्टात मात्र ज्येष्ठ नागरिकांसाठी एक योजना होती. बँकेपेक्षा जवळजवळ दीड टक्का जास्त आणि दर तीन महिन्यांनी व्याज हातात. पण त्यासाठी वय साठ लागायचं. दादा सहासष्ट वर्षांचे होते.

हे काही तिने शोधून काढलेलं नव्हतं. आमच्याकडे घरोघर हेच चालतं. आईच्या नावावर, सासऱ्यांच्या नावावर, कुणी म्हातारं असेल त्याच्या नावावर ठेव करायची, चार पैसे जास्त मिळतात. माझ्या बाबांनी आजोबांच्या नावावर केली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हातारं माणूस आहे तोवर सही देतं, बाकी सगळं विश्वासावर.

पोस्टात जायच्या आधीच्या आठवड्यात मी जिन्यात तिला गाठून म्हणाले, "आत्या, त्या योजनेत जोडीला नाव फक्त नवरा-बायकोचं लागतं. तुझं नाव कुठेच येणार नाही. निदान नॉमिनी तरी तुला करूया."

"करूया ना. त्यात काय? दादा आहे माझा."

परळच्या पोस्टात आम्ही चौघं गेलो. दादा, वहिनी, आत्या आणि मी. आधी पैसे आत्याच्या खात्यातून दादांच्या खात्यात गेले होते, कारण चेक त्यांचाच लागत होता. मी फॉर्म भरत होते. पहिलं नाव दादांचं. दुसरं वहिनींचं. मग तो रकाना आला, जो रिकामा असला की मी ऑफिसात अर्ज परत पाठवते.

"नॉमिनी?" मी विचारलं. आत्याकडे पाहिलं. आत्याने दादांकडे पाहिलं.

"निलेश की," वहिनी म्हणाल्या.

"आत्याचं घालूया का?" हे मीच म्हणाले. मास्कमधून ते कितपत ऐकू गेलं कोण जाणे. पण वहिनींना गेलं.

"आत्याचां?" वहिनी हसल्या. त्या रागावल्या की मालवणीत शिरायच्या, आणि हसल्या की जास्तच. "कित्याक गो? आमच्यार भरवसो नाय? बायको-झील जित्ते असताना बहिणीचां नाव? तो काउंटरवालो पण इचारीत, घरात काय भांडण आसा काय म्हणून."

दादा काउंटरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "कुमुद म्हणेल तसं करा."

दादा वाईट नव्हते. पण हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. त्यांनी फक्त "कुमुदचं नाव लिही" म्हणायचं होतं. त्यांनी सगळं तिच्यावर सोडलं, आणि कदमांच्या हातातून पेन काढून घेणारी बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही निलेश. घरचंच आहे."

मी पेन वरच धरलं होतं. मला अजून एकदा बोलता आलं असतं. माझं कामच ते होतं. मी लिहिलं. ठळक, सुटी, इंग्रजी अक्षरं. माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

घरी येताना आत्या माझ्याबरोबर मागे राहिली. मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "तुझ्या ऑफिसात लोक फॉर्म भरतात आणि आपापल्या घरी जातात. मला दादा-वहिनीच्याच घरी जायचंय. आज संध्याकाळी भाकऱ्या पण भाजायच्यात." थोडं पुढे गेल्यावर तिने दर आठवून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाली, "दीड टक्का जास्त आहे पण."

तीन वर्षं सगळं ठीक चाललं. दर तिमाहीला दादा पोस्टातून व्याज काढून आणायचे आणि गॅलरीत सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवायचे. वरची चिल्लरसुद्धा. आत्या त्यांना सांगायची, "दादा, एका साध्या कागदावर लिहून ठेव, हे पैसे कुमुदचे आहेत म्हणून." दादा म्हणायचे, "देतो की. भाऊबिजेला देतो. ओवाळणी समज." दोन भाऊबिजा झाल्या, साड्या आल्या. कागद राहून गेला. दादा प्रामाणिक होते, म्हणून त्या कागदाची घाई कुणालाच नव्हती.

एका मार्चमध्ये मासे घेऊन येताना दादा जिन्यात बसले ते उठले नाहीत. पिशवी माझ्या आईने उचलली.

एप्रिलचं व्याज वहिनींच्या खात्यात गेलं. आत्या दहा दिवस थांबली. दिवसकार्य झालं होतं, निलेश रविवारी डोंबिवलीहून आला होता. चाळीत दारं उघडीच असतात. बोलणं मी दारात बसून ऐकलं, मजल्यानेही ऐकलं.

"निलेश, ह्या वेळचं व्याज आलं असेल ना रे?"

"आलं ना. मम्मीच्या खात्यात."

"मग ते..."

"तुला काही हवंय का आत्या? बोल ना. औषध वगैरे?"

"हवंय असं नाही रे. माझं आहे ते."

 मग वहिनी, अगदी हळू. "तुमचां कसां? पावती ह्यांच्या नावाची. आता माझ्या नावाची. इतकी वर्षां ह्या घरात रवलात, कधी भाडां मागितलां?"

"वहिनी, दादाला विचारा..." आत्या बोलली आणि थांबली.

"आत्या, हे बघ," निलेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो बँकेतला माणूस समजावतो तसा समजावत होता. "माझ्या ऑफिसने माणसं कमी केली, तुला माहितीये. गाडीचे हप्ते आहेत. पोराची शाळा आहे. पैसे घरातच वापरले जातील. पप्पांनी तुला इतकी वर्षं ठेवलं, कधी काही बोलले?"

"ठेवलं?" आत्या म्हणाली.



मी तिला आमच्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने दादरला वकिलाकडे घेऊन गेले. ती एक्स-रेचं पाकीट घेऊनच आली होती. वकिलांनी पासबुकातली ती नोंद पाहिली, ज्यात साडेतेरा लाख तिच्या खात्यातून भावाच्या खात्यात गेले होते. "कारण काही लिहिलंय? कर्ज? ठेव? एखादं पत्र?" काहीच नव्हतं. "बहिणीने भावाला दिले, असंच समोरचे म्हणणार. केस करता येईल. वेळ लागेल." किती वेळ, किती खर्च, तेही त्यांनी सांगितलं. फॉर्म कुणी भरला होता असंही विचारलं, सहज. आत्या पटकन म्हणाली, "पोस्टातल्याच कुणीतरी." मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले.

खाली आल्यावर ती म्हणाली, "केस घालायची आणि झोपायला कुठे जायचं? त्यांच्याच ओट्याखाली?" मी म्हणाले, आमच्याकडे ये. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एकोणऐंशी न आल्यावर बघायची. सात नंबरच्या खोलीत आम्हीच चौघं होतो.

पावसाळ्याआधी निलेशने पावती मोडायला लावली. गाडीचे हप्ते फिटले. अकरा नंबरात नवा फ्रिज आला, दोन दारांचा. स्वयंपाकघरात त्याला एकच जागा होती, आत्याच्या अंथरुणाची. तिचं अंथरूण मग बाहेरच्या खोलीत, कपाट आणि दार यांच्यामध्ये आलं. येणाराजाणारा तिला ओलांडून जायचा. मी हे कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. निलेश नवीन नोकरी लागेपर्यंत खरंच अडचणीत होता. पण फ्रिज मी पाहिला होता.

मजल्यावरच्या बायकांनी झटपट बाजू बदलल्या, त्याचं मला नवल वाटायला नको होतं. मयेकरकाकू गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "भावाचं कॅलेंडर नाय बघितलंस काय गो?" दोघीतिघी हसल्या. कदमवहिनीसुद्धा. मग तिने मान खाली घातली, पण आधी हसली होती. आत्या बादली घेऊन आत गेली. त्यानंतर कुणी ठेवीबद्दल काही विचारायला आलं की ती म्हणायची, "माका इचारू नका." ती स्वतः कधी मालवणी बोलायची नाही. व्याजदरांच्या तक्त्यासमोरून जाताना आता ती मान वर करत नव्हती. चिवडा गल्लीत एका दुकानात पाकिटं सील करायच्या कामाला लागली होती. बोटं तीच, पण वास आता तेलाचा. एक्स-रेचं पाकीट खिळ्यालाच आहे. त्यात आता खरोखर फक्त एक्स-रे आहे.

यंदा आम्ही माहीमला घर घेतलं. जुन्या इमारतीत, एक बेडरूम. बाबांचा फंड आणि माझं कर्ज. घर माझ्या नावावर झालं, कारण बाईच्या नावावर घर घेतलं की सरकारी शुल्कात एक टक्का सूट मिळते. बाबांनी हिशेब केला, माझ्या धाकट्या भावाकडे पाहून म्हणाले, "नावालाच रे तिच्या. सूट मिळते म्हणून." भाऊ म्हणाला, "चालेल ना." मला कुणी विचारलं नाही, आणि मी काही बोललेही नाही.

पूजेला लालबागहून दहाबारा माणसं आली. निलेशच्या गाडीतून वहिनी आणि आत्या. आत्याने माझ्या हातात चिवड्याचं पाकीट दिलं, मी घेताना तिने सील बोटाने चेपून पाहिलं. बरीच बारीक झाली होती. साठ पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं होती, पण त्याहून म्हातारी दिसत होती.

"घर कागदावर कुणाचं?" तिने विचारलं. एवढंच.

"माझं. एक टक्का कमी लागतो म्हणून."

ती हसली. हात तोंडावर न नेता. मी तिला असं हसताना आधी पाहिलं नव्हतं. आणि मला ते बघवलं नाही. "एका टक्क्यात मिळालं तुला," ती म्हणाली. मग माझं मनगट धरून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "पुढे कुणी म्हणेल, घरचंच आहे, सही कर. तुझा भाऊ म्हणेल. चांगला मुलगा आहे, म्हणून तर म्हणेल. नाही म्हण. तोंडाने म्हण. मान हलवू नकोस नुसती."

मी मान हलवली.

लोक जेवत होते. मी तिला घर दाखवलं. स्वयंपाकघर, बाल्कनी, मग आतली खोली. तिथे अजून काही नव्हतं, एक चटई आणि माझे दोन खोके. आत्याने कडीला हात लावला. खाली-वर करून पाहिली. मला म्हणाली, "तू जरा बाहेर थांब."

मी बाहेर आले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पंधरा मिनिटांनी निलेश किल्ली फिरवत आला. "आत्या कुठाय? चला, पार्किंग मिळत नाही इथे, गाडी रस्त्यात उभी आहे." त्याने दारावर थाप मारायला हात उचलला.

"थांब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाहेर जेवणारी माणसं वळून बघायला लागली. माझी आईही.

"अगं, पण ती आत करतेय काय?"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून काहीच आवाज येत नव्हता.